चेन्नईच्या ट्रॅकवर पोर्शे केमन घेऊन पहिला ट्रॅक डे: बेळगावहून एवढं लांब जाण्यासारखं हाय का?

ट्रॅक डे म्हणजे फी भरून आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस. आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा हाय ते इथूनच मोकळे. पैसे वसूल. पण गाडीमुळं नाही. गाडी भारी आहेच, ट्रॅकही भारी, पण दिवसभरात खरं काम केलं ते शेजारच्या सीटवर बसलेल्या इन्स्ट्रक्टरनं, आणि ज्या ट्रॅक डेच्या फीमध्ये इन्स्ट्रक्टर धरलेला नाही तिथं पहिल्यांदा जाणाऱ्यानं लांबूनच नमस्कार करावा असं माझं स्पष्ट मत हाय. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येईलच.

मी उद्यमबागेत मशीनिंगच्या धंद्यात. बिडाची कास्टिंग फाउंड्रीतून येतात, आम्ही ती टर्निंग-फेसिंग करून पुढं पाठवतो, त्यात ब्रेकचे ड्रम आणि डिस्कपण असतात. म्हणजे ब्रेक ही वस्तू मी रोज हातात घेतो, पण ती गरम झाल्यावर काय करते ते बघायला आमच्याकडं जागाच नाही. आतेभाऊ बेंगळुरूला आयटीत, त्यानं सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन घेतलेली, आणि ती सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडत असते. गणपतीला एकदा बेळगावला आणली तर टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटवर पोट घासलं, तेव्हापासून त्यानं नाव काढलं नाही. मग त्याचाच फोन आला, "चेन्नईला ट्रॅक डे हाय, एका गाडीवर दोघं चालवू शकतात, येतोस काय बे?" असल्या प्रश्नाला विचार करायचा नसतो.

ट्रॅक म्हणजे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, जुनी माणसं अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. चेन्नई शहरात नाही, अलीकडं श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला, जिथं ह्युंदाईचा कारखाना हाय. हा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, क्लब १९५३ चा, आणि हा ट्रॅक व्हायच्या आधी ह्यांच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. इथला ट्रॅक १९९० पासून चालू. लांबी ३.७ किलोमीटर, वळणं १२, आणि वळणांना काय फॅन्सी नावं नाहीत, सी-वन, सी-टू असं सरळ नंबरवारी. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५ किलोमीटरच्या वर हाय, तिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली म्हणून त्याचं नाव मोठं, पण आपल्या बाजूच्या माणसाला चेन्नई किंवा कोइम्बतूरचा करी स्पीडवे हेच पल्ल्यातले. करी २.१ किलोमीटरचा, लहान.

बेळगावहून जायचं तर बेंगळुरू साधारण ५०० किलोमीटर, तिथून पुढं ३०० च्या आसपास, आणि फायदा असा की ट्रॅक चेन्नईच्या अलीकडंच असल्यामुळं शहराच्या गर्दीत शिरावं लागत नाही. मी रात्रीच्या बसनं बेंगळुरूला गेलो आणि तिथून केमनमध्ये बसून पुढं. वहिनी मागून त्यांच्या गाडीतनं आल्या कारण केमनला सीटच दोन. सामानाला मात्र जागा हाय, इंजिन मधे असल्यामुळं पुढं १५० लिटरची आणि मागं २७५ लिटरची डिकी, हेल्मेट दोन्ही बसतात. आणि कुंद्याचा डबा. (तो वहिनींनी स्वतःच्या गाडीत ठेवून घेतला, मागच्या डिकीत इंजिनाच्या शेजारी कुंदा पातळ होईल म्हणून, आणि बरोबरच होतं त्यांचं.)

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. आपल्या साध्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा म्हणून एक कलम असतं, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल, स्पीड टेस्टिंग हे वापर वगळलेले असतात. तुम्ही म्हणाल ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे, मीपण तेच म्हणेन, पण गाडी भिंतीला लागल्यावर सर्व्हेअरसमोर हा वाद घालायची हौस असेल तरच त्या भरवशावर जा. शिवाय गेटवर सही करायला जो कागद देतात त्यात सगळी जबाबदारी तुमचीच असते. म्हणून ट्रॅकवर गाडी नेताना मनात एकच हिशेब ठेवायचा, आज ह्या गाडीला जे काय होईल ते माझ्या खिशातनं. दादानं हा हिशेब आधी केलेला आणि मलापण स्पष्ट सांगितलेला, "वाजवलीस तर अर्धे तुझे." भाऊ असावा तर असा.

दिवस कसा जातो ते थोडक्यात. सकाळी नावनोंदणी, मग गाडीची तपासणी. गाडीत सुटी वस्तू एकपण चालत नाही, पाण्याची बाटली, फ्लोअर मॅट, फास्टॅगचं लोंबणारं कव्हर, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं काढायचं. गणपती काढताना दादाचं तोंड बघण्यासारखं झालं, शेवटी खिशात ठेवून चेन लावली. चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचनं बघतात, टो हुक (गाडी ओढून न्यायचा हुक) लावून ठेवायला सांगतात, ब्रेक ऑइल कधी बदललंय ते विचारतात. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट सक्तीचे. मग ब्रीफिंग: पिवळा झेंडा म्हणजे पुढं काहीतरी झालंय, हळू आणि ओव्हरटेक बंद, निळा म्हणजे मागं वेगवान गाडी हाय, जाऊ दे, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळूहळू पिटमध्ये (ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबायच्या जागेत) या, काळा तुमच्याकडं दाखवला तर तुम्हालाच आत बोलावलंय. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर आणि तेपण पुढच्यानं इंडिकेटर देऊन बाजू दाखवल्यावरच. वळणात कुणी कुणाला कापायचं नाही. हे ऐकल्यावर माझी निम्मी भीती गेली, खरंच सांगतो, आपल्या खानापूर रोडवर ह्याच्या निम्मी शिस्त नाही.

इथंच तो कापलेला स्टार. आयोजकांचं नाव घेत नाही कारण बाकी माणसं चांगली होती, पण वेळ पाळली नाही म्हणजे नाहीच. पहिलं सेशन ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा सुटलं, ब्रीफिंग सुपरफास्ट इंग्लिशमध्ये, निम्म्या नवख्यांनी माना डोलावल्या आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारलं की काळा झेंडा कशाला म्हणाले. नवख्यांच्या ग्रुपला मिळालेली सावली म्हणजे एक मांडव, त्यात खुर्च्या कमी. चेन्नईचं ऊन म्हणजे काय ते आपल्या बेळगावच्या गार हवेतल्या माणसाला कळायचं नाही, हिवाळा नावाला होता. आणि जेवणाला सांबार-भाताचे पॅकेट, ते मात्र फर्स्टक्लास, तक्रार नाही.

गाडीबद्दल. २ लिटर टर्बो, चार सिलिंडर, ३०० हॉर्सपॉवर, ७ गिअरचा पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). आधीच्या केमनला सहा सिलिंडरचं इंजिन होतं, २०१६ ला ७१८ आली तेव्हा बेस मॉडेलला चारावर आणलं, आणि शौकीन लोक तेव्हापासून आवाजाच्या नावानं ओरडताहेत. त्यांचं चुकीचं नाही ओ. सकाळी थंड इंजिन आयडलला असताना कडोलीच्या शेतातला डिझेल पंप चालू केल्यासारखं वाटतं. पण एकदा ४,००० आरपीएमच्या वर गेली की आवाजाचा विचार डोक्यात राहत नाही. मला सगळ्यात आवडलं ते स्टिअरिंग. पुढच्या चाकांवर इंजिनाचं वजन नसल्यामुळं तुम्ही हात जेवढा वळवाल तेवढंच नाक वळतं, जास्त नाही, कमी नाही, आणि टायर किती धरतोय ते हाताला समजतं. माझी पोलो वळणात नाक बाहेर काढते, हिचं तसं नाही. पण मधल्या इंजिनाची दुसरी बाजू इन्स्ट्रक्टरनी पहिल्याच फेरीत सांगितली: वळणाच्या मधे घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही. सोडला की वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात आणि जड बाजू फिरायला बघते. इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून घेतं आणि ते दिवसभर चालूच ठेवायचं, पण त्याच्या जिवावर उड्या मारायच्या नाहीत.

आता इन्स्ट्रक्टर. कोइम्बतूर साईडचे, पन्नाशीतले, बोलायला एकदम शांत, रेसिंग करून करून केस पांढरे झालेले. आम्ही सर म्हणायचो. मला वाटलेलं गिअर, लाईन, स्पीड असं काय काय शिकवतील, तर पहिलं अख्खं सेशन त्यांनी फक्त डोळ्यांवर घालवलं. "लुक अप. वळण दिसतंय तिकडं नको बघू, वळणाच्या पलीकडं बघ." माणसाची सवय अशी की जिथं भीती वाटते तिथंच बघायचं, आणि जिथं बघेल तिथंच गाडी जाते, म्हणजे कडेच्या दगडाकडं बघितलं की दगडाकडं. हात तुमच्या नकळत जातात. त्यांनी एक युक्ती केली, प्रत्येक वळणाला मला मोठ्यानं बोलायला लावलं: ब्रेक, वळ, एपेक्स, बाहेर. म्हणजे वळणाची आतली कड कुठं गाठायची आणि बाहेरच्या कडेपर्यंत गाडी कुठं सोडायची ते तोंडानं सांगायचं, आणि शब्द म्हणेपर्यंत नजर पुढच्या खुणेवर गेलेली पाहिजे. बडबड ऐकून वेडा वाटलो असेन, पण दोन-तीन फेऱ्यांनंतर अचानक ट्रॅक रुंद झाल्यासारखा वाटायला लागला. वेग तोच. नजर लांब गेली की डोक्याला वेळ मिळतो, एवढीच त्यातली जादू.

सी-वनबद्दल लोकांनी आधीच घाबरवलेलं. मुख्य सरळ पट्टा संपला की मोठा वेगातला उजवा, आणि भीती अशी की ह्यात ब्रेक फार लागत नाही, पण पाय मात्र ब्रेककडं पळतो. सरांनी मला सुरुवातीला तो मुद्दाम हळू घ्यायला लावला, आधी सरळ असतानाच वेग उतरवायचा आणि मग वळणात ॲक्सिलरेटर हलकासा धरून ठेवायचा. दुपारपर्यंत जरा वाढवू दिला. माझा दिवसातला जास्तीत जास्त वेग १८० च्या आसपास, आणि तो आकडा मला दादानं नंतर व्हिडिओत दाखवला, मी स्वतः स्पीडोमीटर बघितलाच नव्हता. बघायची गरजच पडत नाही.

ब्रेकवर जरा जास्त लिहितो, आमचा धंदाच हाय तो. आपण रस्त्यावर जो ब्रेक मारतो तो ब्रेकच नव्हे. सरांनी सांगितलं की पहिल्याच क्षणी पूर्ण जोरात दाब आणि मग वेग उतरेल तसा सोडत ये. आपली सवय उलटी, आधी हळू, शेवटी घाबरून जोरात. पहिल्यांदा बरोबर मारला तेव्हा पट्टा खांद्यात रुतला, एबीएसची थरथर पायाला लागली आणि गाडी माझ्या अंदाजापेक्षा एवढी अलीकडं उतरली की वळणापर्यंत परत ॲक्सिलरेटर द्यावा लागला. हिशेब घाला बघू. दोन माणसं धरून गाडी दीड टन. १८० वरून ८० ला आणायची म्हटली की जेवढी ऊर्जा चार डिस्कमध्ये जाते तेवढ्यात साधारण साडेचार-पाच लिटर गार पाणी उकळीला येईल. एका ब्रेकात, काही सेकंदांत. आणि वेगाचा वर्ग लागतो म्हणून ९० ऐवजी १८० झाले तर ऊर्जा दुप्पट नाही, चौपट. असं एका फेरीत अनेकदा, फेरीमागून फेरी.

पिटमध्ये आल्यावर मी बाकी सगळं सोडून चाकाजवळ उकिडवा बसलो. पुढची डिस्क ३३० मिलिमीटरची, भोकं पाडलेली, दोन चकत्यांच्या मधे हवा जायला पोकळी असलेली. ही पोकळी ओतताना वाळूच्या कोअरनं तयार होते, आणि तो कोअर साच्यात किंचित जरी सरकला तरी एक चकती जाड आणि एक पातळ निघते. डिस्क थंड असताना डायल गेज लावून काही कळत नाही, पास होते. गरम झाली की पातळ बाजू वेगळी फुगते आणि पेडल थरथरायला लागतं. आमच्याकडं कस्टमर असली डिस्क परत पाठवतो तेव्हा आम्ही म्हणतो मेजरमेंट तर बरोबर हाय की साहेब. आता नाही म्हणणार बहुतेक. त्या डिस्कवरनं येणारी धग हातभर लांबून गालाला लागत होती आणि तिच्या कडेला निळसर झाक आलेली, पॅडचा जळका वास तर सगळ्या पिटमध्ये. म्हणून शेवटची फेरी गार करायची असते, ब्रेक जवळजवळ न लावता, आणि आत आल्यावर हँडब्रेक लावायचा नाही, चाकाला अडण लावायचं. तापलेल्या डिस्कवर पॅड एका जागी चिकटून बसला की तिथं थर जमतो.

ब्रेक ऑइलचंपण तसंच. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवीन असताना कमीत कमी २३० अंश, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरलं की १५५ पर्यंत खाली येतो. आपल्या बेळगावच्या पावसात दोन वर्षं तेच ऑइल घेऊन फिरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे, बुडबुडे दाबले जातात, पेडल जमिनीला आणि गाडी आपल्या वाटेनं. आमच्या ग्रुपमध्ये एक सेडान होती, ताकदीची, नवीकोरी, मालक पोरगा हुशार होता पण गाडीबाईंचं वजन केमनपेक्षा बरंच जास्त. तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच पेडल मऊ लागायला लागलं तर त्यानं हात वर करून हळूहळू आत आणली आणि उरलेला दिवस बॉनेट उघडून बसला. शहाणा. दुसरा एक तसाच दामटत राहिला, घट्ट वळणाला उशिरा ब्रेक मारून सरळ मातीत, गोल फिरून थांबला, लाल झेंडा. गाडीला काही नाही, पण सगळ्यांचं सेशन गेलं आणि मग त्याला काळा झेंडा.

टायरची हवा हा अजून एक विषय. १० अंश तापमान वाढलं की साधारण दीड पीएसआय हवा वाढते, ट्रॅकवर टायर एवढे तापतात की सकाळी भरलेली हवा दुपारी भलतीच निघते. म्हणून थंड असताना कमी ठेवायची आणि प्रत्येक सेशननंतर गरम टायरचीच मोजून सोडायची. हे काम करणारा पिटमधला मेकॅनिक तमिळमध्ये बोलत होता, आमचं हिंदी त्याला झेपेना, त्याचं तमिळ आम्हाला. मी वैतागून दादाला कन्नडमध्ये काहीतरी म्हणालो तर तो पठ्ठ्या हसला, होसूरचा निघाला, कन्नड फाडफाड. मग काय, "स्वल्प नोडरी" म्हटलं की पळत यायचा. मराठी माणसाचं चेन्नईत कन्नडनं काम झालं, हे घरी कुणाला सांगू नका.

वहिनींनी दादाच्या वाट्याचं एक सेशन घेतलं. गप्पागोष्टी नाहीत, आरडाओरडा नाही, सरांनी सांगितलं तेवढंच केलं, आणि बाहेर आल्यावर सर म्हणाले तिघांत सगळ्यात स्वच्छ ह्यांनी चालवली. दादाचा चेहरा गणपती काढतानापेक्षा वाईट.

खर्चाचं बोलू. फी पाच आकडी, इन्स्ट्रक्टर धरून. पण फी हा सुरुवातीचा खर्च हो. पेट्रोल ट्रॅकवर लिटरला तीन-चार किलोमीटर लागतं, टायरच्या कडा एका दिवसात दिसतील एवढ्या झिजतात, पुढचे पॅड जवळजवळ संपले आणि पोर्शेचे पॅड म्हणजे काय ते विचारू नका. फोटोवाला वेगळे मागतो. केमन दुसऱ्याची होती म्हणून मी हसत हसत लिहितोय. स्वतःची असती तर ह्या रिव्ह्यूचा सूर वेगळा असता.

कुणी जावं? चोर्ल्यात आणि आंबोलीत रविवारी सकाळी वळणं कापत फिरणारी आमच्याकडची जी पोरं आहेत ना, त्यांनी आधी जावं. घाटात समोरनं ट्रक येतो, गुरं येतात, वळणाच्या पलीकडं काय हाय दिसत नाही, तिथं कसली लाईन आणि कसला एपेक्स. आणि त्यासाठी पोर्शे लागत नाही. पिटमध्ये स्विफ्ट होत्या, पोलो होत्या, आणि त्यातली एक जुनी स्विफ्ट वळणात मोठ्या गाड्यांच्या मागं चिकटून असायची, सरळ पट्ट्यावर तेवढ्या मोठ्या गाड्या पळायच्या. कमी ताकदीच्या गाडीत पहिला दिवस केला तर शिकणं जास्त होतं असं सरपण म्हणाले, कारण तिथं चुकलं की लगेच समजतं आणि ब्रेकवर भार कमी. एवढं लांब नको असेल तर कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा गो-कार्टचा ट्रॅक हाय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, नजर कुठं ठेवायची ते कार्टमध्येपण शिकता येतं.

ऑक्टोबर ते डिसेंबर बुकिंग करू नका, तिकडचा पाऊस तेव्हा असतो. जानेवारी-फेब्रुवारी बरे. बुक करताना तीन गोष्टी विचारून घ्या: इन्स्ट्रक्टर किती वेळ सोबत असणार, एका ग्रुपमध्ये गाड्या किती, आणि लाल झेंड्यात गेलेला वेळ भरून देणार का. तिसऱ्याचं उत्तर आम्हाला गोल मिळालं होतं. मी पुढच्या सीझनला पोलो घेऊन जाणार, ऑइल डॉट ५.१ भरून आणि पुढचे पॅड बदलून. डिस्क आमच्याच शॉपमध्ये तपासून घेईन, ह्या वेळी गरम करून.